हाडवैद्यांच्या पाट्या शोधत फिरणाऱ्या पोराने ज्युदो उभा केला, ब्लॅक बेल्टही त्याचीच देणगी

संध्याकाळी एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये डोकावून बघा. पांढरे कपडे घातलेली पोरं हातपाय झाडत असतात आणि सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, ब्लॅक बेल्ट. क्लास बहुतेक वेळा कराटेचा असतो. पण ते पांढरे कपडे, तो पट्टा आणि 'दान' नावाच्या पायऱ्या हे सगळं कराटेने ज्युदोकडून उचललंय. आणि ज्युदोत ते आणलं एका शाळामास्तरने.

त्यांचं नाव जिगोरो कानो.

जन्म 1860 चा, जपानमधल्या मिकागे गावचा. हे गाव आता कोबे शहरात आलंय. घराणं साके म्हणजे तांदळाची दारू बनवणारं, त्यामुळे पैशापाण्याची ददात नव्हती. आई लवकर गेली, मग पोराला शिक्षणासाठी टोकियोला आणलं. अभ्यासात हुशार, इंग्रजी तर पक्कं. अडचण एकच, अंगाने किडकिडीत. मोठेपणीसुद्धा उंची 5 फूट 2 इंचांच्या आसपासच राहिली. बोर्डिंगमधल्या दांडग्या पोरांना हे आयतंच सापडलं. रोजचा मार ठरलेला.

अशात कानोच्या कानावर जुजुत्सुचं नाव आलं. या विद्येत लहान माणूस मोठ्याला लोळवू शकतो म्हणे.

पण शिकवणार कोण? 1868 नंतर जपानने पाश्चात्त्य वळण घेतलं होतं. 1876 मध्ये सामुराईंना तलवार बाळगायलाही बंदी आली. जुजुत्सु म्हणजे जुनाट, गावंढळ प्रकार असं शिकलेल्या लोकांचं मत झालेलं. कानोच्या वडिलांनीही नकारघंटा वाजवली.

तेव्हा या पोराने डोकं लढवलं. जुजुत्सु जाणणारे बरेच जण पोटासाठी हाडं बसवण्याचं काम करतात, हे त्याला कळलं होतं. मग तो टोकियोत हाडवैद्यांच्या पाट्या शोधत फिरू लागला. असाच 1877 मध्ये त्याला फुकुदा हाचिनोसुके नावाचा गुरू सापडला. त्याच वर्षी तो टोकियो विद्यापीठातही दाखल झाला.

फुकुदांची शिकवण्याची तऱ्हा सरळ होती. एकदा कानोने विचारलं की हा डाव नेमका कसा टाकायचा. गुरूंनी उत्तर देण्याऐवजी उचलून आपटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा आपटलं. आपटून घेऊनच समजतं, हा त्यांचा हिशोब. कानो अंगभर मलम थापून घरी जायचा, पण दुसऱ्या दिवशी परत हजर.

फुकुदा 1879 मध्ये गेले. दुसरे गुरू 1881 मध्ये. मग इइकुबो त्सुनेतोशी हे तिसरे गुरू मिळाले, ते वेगळ्या घराण्याचे. कानोचं नशीब म्हणा किंवा दुर्दैव, पण त्यामुळे त्याच्याकडे दोन घराण्यांचे डाव जमा झाले.

1882 मध्ये, वयाच्या बाविशीच्या आत, कानो यांनी टोकियोतल्या एइशोजी मंदिरात स्वतःची शाळा काढली, कोदोकान. जागा 12 चटयांची आणि शिष्य 9. पोरं एकमेकांना आपटायची तेव्हा मंदिराची जमीन हादरायची. रात्री कंदील घेऊन फरशीखाली शिरायचं आणि मोडलेल्या फळ्या ठीक करायच्या, हे कामही गुरुजींकडेच.

त्यांनी नवीन केलं तरी काय?

एक म्हणजे पडायला शिकवलं. हात जमिनीवर आपटून, डोकं सांभाळून कसं पडायचं, हा पहिला धडा झाला. जीवघेणे डाव सरावातून काढून ठराविक प्रात्यक्षिकांपुरते ठेवले. त्यामुळे दोघांना पूर्ण ताकदीने झुंजूनही दुसऱ्या दिवशी कामावर जाता येऊ लागलं. कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्याला यात विशेष वाटणार नाही, पण त्या काळच्या जुजुत्सुसाठी हा मोठाच बदल होता.

दुसरी गोष्ट तोल. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की मागचा माणूस नुसता खांद्याला टेकला तरी आपण पुढे जातो. समोरच्याचा असा क्षण आधी तयार करायचा आणि मगच डाव टाकायचा. हे गणित सुटल्यावर कानो यांनी इइकुबोंना एका मागोमाग एक पाडलं. त्यानंतर गुरूंनी आपल्याकडे शिकवण्यासारखं काही उरलं नसल्याचं मान्य केलं.

विद्येचं नावही बदललं. 'जुत्सु' म्हणजे कला, 'दो' म्हणजे मार्ग. जुजुत्सुचा ज्युदो झाला. 1883 मध्ये दोन शिष्यांना पहिला 'दान' मिळाला आणि काही वर्षांनी अशा शिष्यांच्या कमरेला काळा पट्टा आला. रंगीबेरंगी पट्टे मात्र नंतरचे, ते युरोपात रुजले.

1893 पासून कानो बायकांनाही शिकवू लागले. त्या काळी हे धाडसच. पहिल्या गुरूंची नात केइको फुकुदा हिला त्यांनी स्वतः बोलावून घेतलं. पण कानो यांच्या मागे त्यांच्याच संस्थेने तिला जवळपास 20 वर्षं पाचव्या दानवर अडवून ठेवलं, कारण बाईला त्यावर बढती नव्हती. गुरू जितका पुढे गेला तितकी संस्था गेली नाही, हे इथे म्हणावंच लागतं.

पोटापाण्याला कानो शिक्षकच होते. टोकियोच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचं मुख्याध्यापकपद त्यांनी मधले खंड धरून दोन दशकांहून जास्त सांभाळलं. चिनी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काढलेल्या शाळेत पुढे चीनचे मोठे लेखक झालेले लू शुनही शिकले. भारताशीही धागा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी 1929 मध्ये शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला शिंझो ताकागाकींना बोलावलं, ते कोदोकानचेच.

1909 मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. 1912 ला स्टॉकहोममध्ये जपानचे दोनच खेळाडू उतरले. त्यातला मॅरेथॉनपटू कानाकुरी उन्हाने कोसळला आणि कुणाला न सांगता मायदेशी गेला. 1967 मध्ये त्याला बोलावून शर्यत पूर्ण करून घेतली. वेळ लागला 54 वर्षं, 8 महिने आणि वर काही दिवस!

ऑलिम्पिक टोकियोत आणायचं हे कानो यांचं शेवटचं वेड. 1936 मध्ये मतदान झालं आणि टोकियोने हेलसिंकीला 36 विरुद्ध 27 मतांनी हरवून 1940 चं यजमानपद मिळवलं. पुढच्याच वर्षी जपानी सैन्य चीनमध्ये घुसलं. मार्च 1938 मध्ये कैरोच्या बैठकीत 77 वर्षांचे कानो खेळात राजकारण आणू नका म्हणून भांडत होते. नानजिंगच्या कत्तलीला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. त्यांचा हेतू खरा असेलही, पण तो युक्तिवाद आज पचायला जड जातो.

यजमानपद तेवढं टिकलं. अमेरिकेमार्गे परतताना 'हिकावा मारू' जहाजावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि 4 मे 1938 रोजी, योकोहामा दोन दिवसांवर असताना, ते गेले. जुलैमध्ये जपानने ऑलिम्पिक सोडून दिलं.

टोकियोत ऑलिम्पिक झालं ते 1964 मध्ये आणि तिथेच ज्युदो पहिल्यांदा खेळला गेला. खरं तर ज्युदो ऑलिम्पिकमध्ये यावा म्हणून कानो स्वतः फारसे उत्सुक नव्हते. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत साडेसहा फुटी डच गडी अँटन गीसिंकने जपानच्या कामिनागाला जमिनीवर दाबून धरलं. सभागृह चिडीचूप. डच पाठीराखे जल्लोष करत मॅटकडे धावले, तेव्हा गीसिंकने हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं.