फायरवॉल बंद करण्याआधी पिंग करा : माईक म्यूस यांची गोष्ट



मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगावला एका सेवा केंद्रात काम करतो. मागच्या पावसाळ्यात अर्ज भरायची वेबसाईट उघडेचना. शेवटचा दिवस होता आणि बाहेर कॉलेजच्या पोरांची रांग. मित्र फोनवर म्हणाला, फायरवॉल बंद करून टाक. माझा हात माऊसवर गेलाही होता. पण त्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो लोकांची आधार कार्डं आणि दाखले होते. म्हणून थांबलो आणि आधी पिंग केलं.

हे पिंग माईक म्यूस यांनी बनवलं. त्यांचा जन्म १९५८ चा, अमेरिकेतला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकताना सोनार आणि रडारवर त्यांनी बरंच काम केलं. पुढे ते मेरीलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लागले.

जुलै १९८३ मध्ये नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी त्यांना एक युक्ती सांगितली : नेटवर्कवर छोटं पॅकेट पाठवायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. डिसेंबरमध्ये म्यूस यांच्या लॅबचं नेटवर्क विचित्र वागू लागलं. त्यांना ती युक्ती आठवली आणि एका संध्याकाळीच त्यांनी साधारण हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं सोनारच्या आवाजावरून. सातपुड्याच्या दरीत हाक मारून प्रतिध्वनीची वाट बघतो ना, अगदी तसंच!

मी काय केलं ते सांगतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, मोबाईलवर टर्मक्स ॲप चालेल.

१. आधी राउटरला पिंग केलं. उत्तर आलं, म्हणजे वायफाय ठीक.
२. मग ८.८.८.८ ला. उत्तर आलं, म्हणजे इंटरनेटही चालू.
३. मग गूगलच्या नावाने. इथे गाडी अडली! आकड्यांनी पोचतंय, नावाने नाही, म्हणजे घोळ डीएनएसचा.

डीएनएस बदलला, वेबसाईट उघडली. फायरवॉलला हातही लावावा लागला नाही.

एक लक्षात ठेवा : काही सर्व्हर मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून एकाच पत्त्यावरून निकाल लावू नका. बाकी सगळं चालतंय आणि एकच ॲप अडतंय, असं दिसलं तर फायरवॉल तपासा. तेव्हाही फक्त त्या ॲपचा नियम बदला, सगळी फायरवॉल बंद करू नका.

म्यूस यांनी त्रिमितीय डिझाईनचं बीआरएल-कॅड हे मोठं सॉफ्टवेअरही उभं केलं. २० नोव्हेंबर २००० रोजी रस्ते अपघातात ते गेले, वय अवघं ४२. पण जगाला ते ठाऊक आहेत त्या एका संध्याकाळच्या कामामुळे. त्या दिवशी धडगावच्या पोरांचे अर्ज वेळेत गेले, तेही त्याच कामामुळे.