अंकुराची वाढ टिपणारे दादासाहेब

विद्यार्थी मित्रांनो, युरोपातील गोष्टींच्या पुस्तकांवरचे कार्टून चित्रपट तुम्ही आवडीने पाहता. निर्जीव चित्रे चालतात कशी, असे तुम्ही आम्हांला विचारता. म्हणून यावेळी दादासाहेब फाळके यांचा परिचय देत आहोत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १९१२ साली लंडनहून सिनेमाचे तंत्र शिकून ते परतले, पण भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर थोड्या थोड्या वेळाने त्याची चित्रे घेतली. पडद्यावर रोप मिनिटभरात वाढले! ते पाहून कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्याही नाचवल्या. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे. बाहुल्यांचे कार्टूनपट आजही याच रीतीने बनतात.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. अखेरचे दिवस हलाखीचे गेले. १९६९ पासून त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

पालकहो, रोज पाहिले तर रोप वाढताना दिसत नाही, मूलही दिसत नाही. एका परीक्षेच्या गुणांवरून आपण निराश होऊ नये, एवढीच आमची विनंती.