आल्फ्रेड नोबेल यांचें मृत्युपत्र

दरवर्षीं डिसेंबरच्या १० तारखेस स्वीडनची राजधानी स्टॉकहोम व नॉर्वेची राजधानी ऑस्लो या दोन नगरांत समारंभ होऊन पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, वाङ्मय व शांतता या क्षेत्रांतील थोर कामगिरीबद्दल नोबेल यांच्या नांवाचीं पारितोषिकें अर्पण केलीं जातात. ज्यांस तीं मिळतात त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांतून आमच्या वाचकांच्या परिचयाचीं होतात. परंतु हा पैसा मुळांत कोणीं मिळविला, कशांत मिळविला, आणि आप्तांच्या पदरांत न टाकतां तो साऱ्या जगास कां देऊन टाकिला, याची विचारपूस करणारे थोडे. व्यापारांत आयुष्य वेंचणाऱ्या गृहस्थांस तर हें जाणून घेण्याचें विशेष कारण आहे. कारण नोबेल हे पंडित नव्हते कीं साधु नव्हते, ते कारखानदार होते. म्हणून त्यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आल्फ्रेड नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजीं स्टॉकहोम येथें झाला. वडील इमॅन्युएल हे कल्पक यंत्रज्ञ. परंतु त्याच सुमारास त्यांचें दिवाळें निघालें, आणि पुढें नशीब काढण्यासाठीं ते परदेशीं गेले. मागें आईनें एक लहानसें दुकान चालवून मुलांचें पोषण केलें. वडिलांचा जम रशियाची तेव्हांची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथें बसल्यावर सन १८४२ मध्यें सारें कुटुंब तिकडे गेलें. तेथें घरींच शिक्षक ठेवून मुलांस शिकविण्यांत आलें. विश्वविद्यालयाची पदवी नोबेल यांनीं कधींच घेतली नाहीं. तथापि सतरा वर्षांच्या वयांत त्यांस स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी व जर्मन या पांच भाषा अवगत होत्या. क्रिमियाच्या युद्धांत वडिलांच्या कारखान्यानें रशियाच्या आरमारासाठीं सुरुंग तयार केले. युद्ध संपतांच मागणी थांबली आणि पुन्हा दिवाळें निघालें. लढाईच्या पैशावर उभी राहिलेली पेढी शांततेच्या वाऱ्यानें कशी कोसळते, हें त्या तरुणानें आपल्या घरांतच पाहिलें.

सोब्रेरो नांवाच्या इटालियन रसायनज्ञानें नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव पूर्वींच शोधून काढिला होता; परंतु तो इतका लहरी, कीं नुसत्या धक्क्यानेंहि पेट घ्यावा. त्यास माणसाच्या हुकुमांत आणण्याचा नोबेल यांनीं ध्यास घेतला. त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. ३ सप्टेंबर १८६४ रोजीं स्टॉकहोम येथील त्यांच्या प्रयोगशाळेंत भयंकर स्फोट होऊन पांच माणसें ठार झालीं. त्यांत त्यांचा धाकटा भाऊ एमिल हाहि होता. शहरांत हे प्रयोग करण्यास मनाई झाली, तेव्हां नोबेल यांनीं सरोवरांत नांगरलेल्या तराफ्यावर काम सुरू केलें. पुढें परदेशीं पाठविलेल्या मालानेंहि बळी घेतले. सन १८६६ मध्यें अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें असाच प्राणघातक स्फोट झाला. अखेर एक प्रकारच्या सच्छिद्र मातींत हा द्रव जिरविला असतां त्याच्या कांड्या बिनधोक हाताळतां येतात, असें त्यांस आढळून आलें. सन १८६७ मध्यें या पदार्थाचें पेटंट त्यांनीं घेतलें व त्यास डायनामाइट हें नांव दिलें.

डायनामाइटनें डोंगर फुटले, खाणी खोल गेल्या, कालवे निघाले. आल्प्स पर्वताखालील सेंट गॉटहार्डचा बोगदा, जो सन १८८२ मध्यें वाहतुकीस खुला झाला, तो याच कांड्यांच्या जोरावर खोदला गेला. नोबेल यांचे कारखाने सुमारें वीस देशांत पसरले, आणि त्यांच्या नांवावर एकूण ३५५ पेटंटें जमा झालीं. परंतु वाचकांनीं दुसरी बाजूहि पहावी. सन १८८७ मध्यें त्यांनीं बॅलिस्टाइट नांवाची धूररहित दारू काढिली, ती तोफा-बंदुकांसाठीं. आणि सन १८९४ मध्यें बोफोर्स हा तोफांशीं निगडित लोखंडाचा कारखाना त्यांनीं विकत घेतला. तेव्हां त्यांची संपत्ति केवळ बोगद्यांतून आली असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं.

एवढा ऐश्वर्यसंपन्न मनुष्य घरीं मात्र एकटा होता. त्यांनीं लग्न केलें नाहीं. प्रकृति नेहमीं नाजूक. आणि दैवाची थट्टा अशी, कीं अखेरीस हृदयविकारावर वैद्यांनीं त्यांस औषध सांगितलें तें नायट्रोग्लिसरीनच. सन १८७६ मध्यें बेर्था किन्स्की ही विदुषी अल्पकाळ त्यांची चिटणीस होती. तीच पुढें बेर्था फॉन सुट्नर या नांवानें शांततेच्या चळवळीची पुढारी झाली, आणि त्यांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालला. शस्त्रें पुरेशीं भयंकर झालीं म्हणजे राष्ट्रें भिऊन लढाया सोडतील, असा नोबेल यांचा समज होता. सन १९१४ व १९३९ च्या महायुद्धांनीं तो खोटा ठरविला. असेंहि सांगतात कीं, सन १८८८ मध्यें त्यांचे बंधु लुडविग वारले तेव्हां एका फ्रेंच पत्रानें चुकून आल्फ्रेड यांचेंच मृत्युवृत्त छापिलें व त्यांस मृत्यूचा व्यापारी ठरविलें. या कथेस आम्ही फार महत्त्व देत नाहीं. परंतु आपल्या पश्चात् लोक काय म्हणतील हा प्रश्न प्रत्येक धनिकाच्या मनास केव्हां ना केव्हां शिवतोच.

२७ नोव्हेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें त्यांनीं आपल्या शेवटच्या मृत्युपत्रावर सही केली, व १० डिसेंबर १८९६ रोजीं इटलींतील सान रेमो येथें ते निवर्तले. मृत्युपत्र उघडतांच सर्वत्र खळबळ उडाली. तीन कोटींहून अधिक क्रोनरांच्या मिळकतीपैकीं शेंकडा ९४ च्या सुमारास भाग पारितोषिकांकडे लाविला होता. तिच्या व्याजाचे पांच समान भाग करून मानवजातीचें सर्वांत अधिक हित करणारांस ते द्यावे, आणि देतांना उमेदवाराचें राष्ट्र पाहूं नये, अशी आज्ञा होती. आप्त रागावले. स्वीडनचा पैसा परक्यांस कां, असें स्वदेशाभिमानी विचारूं लागले. खुद्द राजे ऑस्कर यांसहि तें रुचलें नाहीं. त्यांत नोबेल यांनीं वकिलाचा सल्ला न घेतां तें लिहिलेलें. ज्या संस्थांवर भार टाकिला त्यांस आधीं विचारलेलेंहि नाहीं. रॅग्नार सोलमन या तरुण व्यवस्थापकानें चिकाटीनें व पुतणे इमॅन्युएल यांनीं निर्लोभपणें साथ दिली म्हणूनच तें टिकलें. तरीहि नोबेल निधीची रीतसर स्थापना होण्यास जून १९०० उजाडला, आणि पहिलीं पारितोषिकें १० डिसेंबर १९०१ रोजीं दिलीं गेलीं.

आतां खरा प्रश्न असा, कीं या दानानें दारूचा डाग धुऊन निघाला काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. स्फोटांत गेलेले जीव परत आले नाहींत, आणि दान हें प्रायश्चित्ताचें हमखास औषध आहे असें मानणें धनिकांस सोयीचें असलें तरी समाजास घातक आहे. पारितोषिकांचे निर्णयहि निर्दोष नाहींत. महात्मा गांधींस शांततेचें पारितोषिक कधींच मिळालें नाहीं, हा त्यांवरील ठपका कायमचा आहे. परंतु त्या मृत्युपत्रांतील एका अटीपुढें आम्ही आदरानें मान लववितों. राष्ट्र पाहूं नये, या अटीमुळेंच जिंकलेल्या देशांतील रवींद्रनाथ ठाकूर यांस सन १९१३ मध्यें व चंद्रशेखर वेंकट रामन यांस सन १९३० मध्यें तो मान मिळूं शकला. सन १९०३ मध्यें मेरी क्युरी व सन १९०५ मध्यें स्वतः बेर्था फॉन सुट्नर यांचा गौरव झाला. स्त्री म्हणून त्यांस दार बंद झालें नाहीं.

आमच्याकडे दानशूरांची वाण नाहीं. परंतु आमचें दान पुष्कळदां ज्ञातीच्या उंबरठ्याशीं येऊन अडतें: वसतिगृह बांधावें तें आपल्या पोटजातीसाठीं, शिष्यवृत्ति ठेवावी ती आपल्याच मुलांसाठीं. आणि मृत्युपत्र करणें अशुभ मानून आम्ही तें लांबणीवर टाकितों, मग भाऊबंद कोर्टांत उभे राहतात व मिळकत वकिलांच्या फीमध्यें विरते. नोबेल यांच्या चुकीपासून आमच्या व्यापारी बंधूंनीं एवढें शिकावें, कीं मृत्युपत्र वेळेवर, स्पष्ट व जाणत्याच्या सल्ल्यानें करावें. आणि त्यांच्या थोरवीपासून एवढें घ्यावें, कीं त्यांत घेणाराची जात विचारणारें कलम नसावें. पैसा कसा मिळविला याचा जाब प्रत्येकास द्यावाच लागतो. तो कोणासाठीं ठेविला, हें लिहिण्याची संधि मात्र हातांत लेखणी आहे तोंवरच असते.