चुंबक हवेत तरंगवायचाय? मग आधी कूलॉमला भेटा

मागे मी हवेत तरंगणारा चुंबक बनवायला घेतला होता. अंतर दुप्पट झालं की बल पाव होतं, हे बारावीत पाठ केलेलं सूत्र सरळ कोडमध्ये टाकलं. चुंबक काही तरंगेना! चूक शोधत शोधत मी पोहोचलो थेट सूत्राच्या मालकाकडे.

शार्ल कूलॉमचा जन्म १७३६ चा, फ्रान्समधल्या अंगुलेम गावातला. हा फौजेतला इंजिनिअर. १७६४ पासून आठ वर्षं कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ल्याचं काम केलं आणि तब्येत बिघडवून मायदेशी परतला. पुढे होकायंत्र सुधारण्याच्या स्पर्धेत त्याने चुंबकसुई बारीक धाग्याला टांगली आणि १७७७ मध्ये बक्षिसात वाटा मिळवला.

पिळलेली तार उलट फिरू पाहते. पीळ दुप्पट, तर जोरही दुप्पट. म्हणजे हा झाला एक नाजूक तराजूच! १७८५ मध्ये त्याने त्यावर विद्युतभार असलेल्या दोन गोळ्यांमधलं बल मोजलं. अंतर ३६ अंशांवरून १८ वर आणायला एकूण पीळ ३६ वरून १४४ अंश करावा लागला. अंतर निम्मं, बल चौपट.

मग चुंबकाची पाळी. पण प्रत्येक चुंबकाला दोन ध्रुव. एक ढकलतो, तर दुसरा ओढतो. म्हणून कूलॉमने लांबलचक, बारीक पोलादी चुंबक घेतले, म्हणजे दुसरे ध्रुव लांब राहतात. तेव्हा कुठे तोच नियम दिसला.

माझी चूक नेमकी इथेच होती. माझे चुंबक नाण्यासारखे चपटे, दोन्ही ध्रुव अगदी जवळ. अशा छोट्या चुंबकांमधलं अंतर त्यांच्या आकारापेक्षा बरंच जास्त असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर बल पाव नाही, साधारण सोळावा हिस्सा उरतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उलटी वाटी ठेवून तिच्यावर एक चुंबक चिकटवला, दुसरा वर धरला: २ सेंमीवर सुमारे ६० ग्रॅम, ४ सेंमीवर जेमतेम ४!

कूलॉम १८०६ मध्ये गेला. विद्युतभाराच्या एककाला त्याचंच नाव आहे. तुमच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे १८,००० कूलॉम. मी मात्र त्याच्याकडून वेगळंच शिकलो: सूत्र कोडमध्ये टाकण्याआधी ते कोणत्या अटीवर चालतं, ते बघायचं.