हृदयरोपणाचे भारतीय प्रवर्तक : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मोहगाव, सौसर, पांढुर्णा हा आपला मुलूख पूर्वी मध्यप्रांतात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. मोठ्या इस्पितळासाठी आपली पावले आजही नागपूरकडेच वळतात. ज्यांचे बालपण त्याच नागपुरात गेले अशा एका थोर शल्यविशारदाचे चरित्र आम्ही यंदा आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कलकत्त्यास एका बंगाली कुटुंबात झाला. शालेय शिक्षण नागपुरास झाल्यावर वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते मुंबईस सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय आणि त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. परक्या सत्तेच्या काळात आपल्या माणसांच्या कर्तृत्वावर ठेवलेला हा विश्वास होता आणि सेन यांनी तो पुढे सार्थ केला.

१९४९ च्या सुमारास शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी अमेरिकेत छातीच्या शस्त्रक्रियेचे प्रगत शिक्षण घेतले. परदेशात राहून नाव व धन मिळविणे त्यांस अवघड नव्हते. तथापि ते मुंबईस परतले. के. ई. एम. हे महापालिकेचे, गोरगरिबांचे रुग्णालय. तेथेच त्यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग नावारूपास आणला. त्यांची बुद्धी किती स्वतंत्र होती याचे एकच उदाहरण पाहा. सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या काही स्नायूंना रक्त थेट हृदयाच्या पोकळीतून मिळते. मग मनुष्याच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या नलिका बुजल्या असता, सुईने स्नायूंत सूक्ष्म छिद्रे पाडून रक्त आत का पोहोचवू नये? या कल्पनेवरील त्यांचा प्रबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सुईच्या जागी लेसर किरण वापरून इतरांनी हाच मार्ग चोखाळला.

याच सुमारास त्यांचे लक्ष हृदयरोपणाकडे वेधले होते. डॉ. परुळकर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी कुत्र्यांवर १०० प्रयोग केले व त्यांचा वृत्तांत १९६५ मध्येच प्रसिद्ध केला. म्हणजे जगात पहिले मानवी हृदयरोपण होण्यापूर्वीच मुंबईत त्याची तयारी चालली होती.

ते पहिले रोपण ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केले. रुग्ण होते लुई वॉश्कान्स्की, व्यवसायाने किराणा व्यापारी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ज्याचे नाव रोज निघते तो मधुमेह या गृहस्थांनाही होता. नवे हृदय उत्तम चालले; परंतु परके हृदय शरीराने झिडकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी रोगप्रतिकारशक्ती क्षीण झाली आणि १८ दिवसांनी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला.

अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ च्या मध्यास, डॉ. सेन यांनी के. ई. एम. मध्ये भारतातील पहिले हृदयरोपण केले. आशिया खंडातीलही ते पहिलेच. असे धाडस करणारे ते जगातील चौथे शल्यविशारद ठरले. रुग्ण एक तरुण शेतकरी होता. हृदय बसले, धडधडू लागले. पण सुमारे तीन तासांनी तो दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरे रोपण झाले. तो रुग्ण चौदा तास जगला.

हे अपयश का आले, हे आपण समजून घेतले पाहिजे. दीर्घकाळ आजारी असलेल्या हृदयामागे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध वाढलेला असतो. जुने हृदय हळूहळू त्यास सरावते. निरोगी मनुष्याचे हृदय मात्र तो भार एकाएकी पेलू शकत नाही. म्हणून आज रोपणापूर्वी फुप्फुसांतील दाब आवर्जून मोजतात. जे ज्ञान त्या काळी रुग्णांचे प्राण गेल्यावर हाती आले, ते आता शस्त्रक्रियेपूर्वीच तपासून पाहता येते.

१९६९ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मभूषण हा किताब दिला. चित्रकलेचाही त्यांना मनापासून छंद होता. २२ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या देशात हृदयरोपण यशस्वी झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी ते यश मिळविले.

मधुमेही रुग्णांची कथाही अशीच आहे. रोपणानंतरच्या स्टेरॉइड औषधांनी रक्तातील साखर चढते, जंतुसंसर्गाचे भय वाढते; म्हणून पहिला रुग्ण मधुमेही असूनही पुढे बराच काळ मधुमेह्यांना हृदय देण्यास वैद्य कचरत असत. आज मूत्रपिंड, डोळे व मज्जातंतू यांची फारशी हानी झालेली नसेल आणि साखर ताब्यात असेल, तर केवळ मधुमेह आहे म्हणून रुग्णास नाकारीत नाहीत. मात्र दान मिळणारी हृदये थोडी आणि वाट पाहणारे रुग्ण पुष्कळ, त्यामुळे निवड कसोशीने होते. घरातील वडीलधाऱ्यांनी साखर वेळेवर तपासावी, औषध चुकवू नये, असे आम्ही सांगतो त्याचे एक कारण हेही आहे.

डॉ. सेन यांचे दोन्ही रुग्ण वाचले नाहीत, हे त्यांच्या चरित्रात लपविण्याजोगे नाही. त्यांनीही आपले अपयश दडविले नाही. पुढच्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते शास्त्रापुढे मांडले. परीक्षेत एकदा हुकलेल्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिका फाडून न टाकता ती पुन्हा नीट वाचावी, एवढा बोध आपण या थोर पुरुषाच्या चरित्रापासून अवश्य घ्यावा.