सिएनाची कॅथरीन

संत कॅथरीनचं नाव आपण ऐकलेलं असतं. तिच्या न जेवण्याबद्दल मात्र मी अलीकडेच वाचलं.

१३४७ साली इटलीतल्या सिएना शहरात एका रंगाऱ्याच्या घरी ती जन्मली. वीसहून जास्त भावंडं, त्यातली बरीच लहानपणीच गेली. थोरल्या बोनावेंतुराचा नवरा नीट वागेना, तेव्हा तिने जेवण सोडून त्याला वळणावर आणलं. १३६२ साली ती बाळंतपणात गेली. आईवडिलांनी कॅथरीनचं लग्न त्याच मेहुण्याशी लावायचं ठरवलं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने उपास धरला, केस कापून टाकले. लग्न टळलं, पण उपास सुटला नाही.

पुढे तिने आजाऱ्यांची सेवा केली. पोप ग्रेगरी अकरावे १३७७ मध्ये रोमला परतले, त्यात तिच्या आग्रहाचा वाटा मानतात. मात्र अन्न तिच्या पोटात ठरत नसे. तिचे धर्मगुरू रेमंड खायला सांगत. तिला ते जमेना. ती स्वतः त्याला आजारच समजत होती. १३८० मध्ये, ३३ व्या वर्षी, ती रोममध्ये वारली.

इतक्या जुन्या माणसावर आजचं निदान चिकटवू नये, हे मला पटतं. पण एकाच घरातल्या दोन बहिणी अन्न सोडतात, हे डोक्यातून जात नाही. धाकटी थोरलीचं बघून शिकली, की ते रक्तातच होतं? दोन्ही असू शकतं. ॲनोरेक्सिया घराण्यात उतरतो. २०१९ च्या एका अभ्यासात जवळपास १७,००० रुग्णांचा डीएनए तपासला, तेव्हा या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. त्याचं नातं मनाइतकंच चयापचयाशीही दिसलं. लहानपणचं वजनही मोजावं लागतं. ॲनोरेक्सिया होणारी मुलं पुष्कळदा आधीपासूनच सडपातळ असतात. बुलिमिया होणाऱ्यांत लहानपणी जाड असलेली, त्यावरून चिडवली गेलेली जास्त आढळतात.

इथे ग्वाल्हेरला, लश्करातल्या आमच्या मराठी घरांत, गुटगुटीत पोरीला सगळे हसत हसत ‘जाडे’ म्हणतात आणि मोठेपणी तिने कडक उपास धरला की कौतुक करतात. माझी एक मावसबहीण या दोन्हींतून गेली. उपास सोडायच्या दिवशीही तिला घास गिळवेना, तेव्हा कुठे घरच्यांनी डॉक्टर गाठला. रेमंडांकडे ती सोय नव्हती. आपल्याकडे आहे.