मैदानाबाहेरचा चहा

इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूंनी २०२० च्या जूनपासून सामना सुरू होण्यापूर्वी एक गुडघा जमिनीला टेकवायला सुरुवात केली. अमेरिकेत एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला होता, त्याचा तो मूक निषेध. तेव्हा साथीमुळे मैदाने रिकामी होती. डिसेंबरात थोडे प्रेक्षक परतले आणि लंडनच्या मिलवॉल क्लबच्या मैदानावर गुडघे टेकताच हुर्यो उठली. हुर्यो उडवणारे त्याच क्लबचे पाठीराखे होते. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्याही वाट्याला घरच्या प्रेक्षकांकडून हेच आले. ११ जुलै २०२१ रोजी युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या, तेव्हा आदल्या आठवड्यात त्यांचा जयजयकार झालेल्या देशातूनच वर्णावरून शिव्यांचा पाऊस पडला.

आमच्या भोकरात फुटबॉलचे वेड कमीच. तरीही घरातली तरुण पोरे रात्री जागून हे सामने बघतात. त्यांतल्या एकाने मला विचारले की, काका, प्रेक्षक तिकीट काढून खेळ बघायला येतात, त्यांना हे राजकारण कशाला? प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण आपल्याकडे तो शंभर वर्षांपूर्वीच विचारून झाला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मला फुटबॉलपटूंपेक्षा एक क्रिकेटपटू जास्त आठवतो. त्याचे नाव बाळू पालवणकर. जुन्या धावफलकांवर नुसते पी. बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळ कोकणातले, जातीने चांभार. वडील लष्करात नोकरीला, म्हणून मुले पुण्यात वाढली. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हीच त्यांची पहिली शाळा. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या एका पारशी क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि लोटण्याची, महिना तीन रुपये पगारावर. मग १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर आले. जन्मभर बँकेत आकडे मोजले असल्यामुळे त्या एका रुपयाच्या बढतीकडे माझे लक्ष जातेच. तिथे नेट बांधणे, रूळ ओढणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे ही कामे. ग्रेग नावाचा निष्णात फलंदाज रोज तासभर आधी येई आणि बाळूंची डावखुरी फिरकी खेळे. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, असे सांगतात. गंमत अशी की त्या साऱ्या वर्षांत बाळूंना कोणी बॅट हाती घेऊ दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान, गोलंदाजी हे नोकराचे काम.

ही कीर्ती पुण्यातल्या हिंदू क्लबाच्या कानावर गेली. गोऱ्यांना हरवायचे तर हा मुलगा हवा, पण जात आडवी. बरीच वादावादी होऊन अखेर बाळू संघात आले. मैदानावर ज्या चेंडूला त्यांचा हात लागे तोच चेंडू सगळे झेलत. मात्र चहाची वेळ झाली की संघ तंबूत जाई आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवण वेगळ्या पानावर, वेगळ्या जागी. हातपाय धुवायला पाणी द्यायचे तर तेही अस्पृश्य गड्यानेच.

वाचकहो, हे वाचून आपण पुण्याला नावे ठेवायचे कारण नाही. माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या खेड्यांत हॉटेलाबाहेर खुंटीला वेगळ्या कपबशा टांगलेल्या मी पाहिल्या आहेत. पिणाऱ्याने त्या स्वतः विसळून पुन्हा टांगायच्या.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाला बाळूंच्या गोलंदाजीने धूळ चारली, तेव्हा पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी त्या सुमारास क्लबच्या मंडळींना सांगितले की, सोबत खेळता तर सोबत बसून चहा आणि जेवण घ्यायला काय हरकत आहे. रानडेच ते, मोजकेच बोलले, पण नेमके बोलले. हार घालणारे आणि कप वेगळा ठेवणारे हात एकच होते.

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला आले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही काही सभासदांनी नाक मुरडले, पण कर्णधार अडून बसला आणि ते संघात आले. पुढे रेल्वेत नोकरी लागली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. तोवर मुंबईत बाळू सर्वांबरोबर बसून जेवू लागले होते, आणि सुधारकांच्या पत्रांनी त्या विजयापेक्षा या पंगतीचेच जास्त कौतुक केले.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौरा एकंदरीत फसला. बहुतेक सामने आपण हरलो. पण बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा त्यांचे वय पस्तीस. सोबत धाकटे बंधू शिवराम होते, त्यांनी सॉमरसेटविरुद्ध शतक ठोकले. मुंबईला परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्कारात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाचा पुढाकार होता आणि मानपत्रही त्यानेच तयार केले, असे सांगतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. संघातला सर्वांत मोठा गोलंदाज, वयाने आणि अनुभवाने थोर, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला नाही. दरवर्षी मागणी होई, दरवर्षी निवड समिती दुसरे नाव काढी. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनी सत्काराला उत्तर देताना हा मान बाळूंचा होता असे उघड सांगितले. सांगितले, पण मान पै यांच्याकडेच राहिला. बाळूंनी स्वतः कधी आवाज चढवला नाही. चार रुपयांच्या नोकरीत शिकलेली सावधगिरी असेल. ज्याला मैदानात उभे राहायलाच इतकी वर्षे लागली तो मैदान सोडण्याची भाषा सहजासहजी करत नाही.

ती भाषा भावांनी केली. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी पै आजारी पडले. बाळूंना तर वगळलेच होते, आणि कर्णधारपद विठ्ठल पालवणकरांना डावलून दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधर फलंदाज मोठे, पुढे त्यांनी ते सिद्धही केले. पण तेव्हा विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि पत्रक काढून कारण सांगितले. जात हेच ते कारण, असे स्पष्ट शब्दांत.

गुडघा टेकवण्यापेक्षा ही कृती मला मोठी वाटते. गुडघा टेकवून फुटबॉलपटू लगेच खेळायला उठतो, या दोघांनी खेळच पणाला लावला. आणि मुंबईच्या प्रेक्षकांनी काय केले? खेळात राजकारण आणले म्हणून ओरडणारे असतीलच. पण लोकमत भावांच्या बाजूने इतके गेले की समितीला तडजोड करावी लागली. अंतिम सामन्यात पै कर्णधार, बाळू उपकर्णधार, दोघे भाऊ संघात परत. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. त्यांच्या वयाची चव्वेचाळीस वर्षे झाली होती. आयुष्यातले कर्णधारपद ते एवढेच.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, हिंदू जिंकले आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. एका चाहत्याने तर वर्तमानपत्राला पत्र लिहून कर्णधाराचा, जात विसरलेल्या हिंदूंचा आणि गांधीजींचा एका दमात जयजयकार केला. राजकारण नको म्हणणाऱ्यांनी हे पत्र पाहावे. प्रेक्षक खूश असला की त्याला खेळातले राजकारण गोड लागते.

नुसत्या खुणेने काय होते, असेही लोक म्हणतात. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. नाव बदलून काय मिळणार, असे विचारणारे शहाणे लोक आमच्याकडेही होते. नावात काहीच नव्हते, तर त्या नावासाठी आमच्याच नांदेड जिल्ह्यात दलितांची घरे का जळाली? नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

बाळूंच्या उत्तरायुष्यावर फारसे लिहिले जात नाही, कारण ते अडचणीचे आहे. ते गांधीजींच्या वाटेने गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३५ मध्ये येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, ती बाळूंना पटली नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांपुढे उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्याचे मानपत्र तयार केले त्याच्याशीच सामना. काही जण यावरून बाळूंना सोडून देतात. मला तसे करता येत नाही. तंबूबाहेर चहा प्यायलेल्या माणसाला आत बोलावले जाईल अशी आशा वाटणे चूक होती असे म्हणता येईल, पण ती आशा त्याने फुकट मिळवलेली नव्हती. अर्थात मी त्या मतदारसंघात असतो तर मत बाबासाहेबांनाच दिले असते.

विठ्ठल यांनी १९४८ मध्ये आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवले. बाळूंनी काही लिहिले नाही. प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी, सरासरी पंधरा धावांची, एवढा त्यांचा हिशेब. पुढे २००१ साली लगान चित्रपटातल्या कचरा या गोलंदाजाला पाहून अनेकांना त्यांची आठवण झाली, आणि रामचंद्र गुहा यांच्या इंग्रजी पुस्तकामुळे २००२ नंतर नव्या पिढीला नाव कळले.

१ जून १९५५ रोजी अस्पृश्यता अपराध कायदा अमलात आला आणि हॉटेलात कोणाला जातीवरून चहा नाकारणे हा गुन्हा ठरला. ४ जुलैला बाळू पालवणकर मुंबईत वारले.